झेवियर्सचा फंडा : दीडशे वर्षं जुना, पण उद्यासाठी!

धोबीतलावच्या त्या दगडी कमानींखाली ‘मल्हार’ची धमाल आपण सगळ्यांनी एकदा तरी अनुभवलेली असते. पण या हॅपनिंग कॅम्पसच्या मागे जी जुनी शिस्त आहे, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. आता कोर्सेस बदलतायत, डिग्री चार वर्षांची होतेय, आणि कॉलेज चालवणारे फादर कमी होत चाललेत. अशा वेळी सेंट झेवियर्स कॉलेज पुढचा रस्ता ठरवताना मागे वळून का पाहतं? जरा आत डोकावून बघूया!

मेट्रो थिएटरच्या सिग्नलला उतरा, कयानीत बनमस्का-चहा मारा आणि महापालिका मार्गाने चालायला लागा. दोन मिनिटांत उजेड बदलतो. टॅक्सींचे हॉर्न मागे पडतात आणि समोर येते टोकदार कमानींची, काळपट दगडाची इमारत. नवख्या माणसाला ती आधी चर्च वाटते, मग हॅरी पॉटरचा सेट! आत चौकात मात्र पोरं जीन्समध्ये मांडी ठोकून बसलेली असतात. कुणी प्रोजेक्ट करतंय, कुणी गिटार वाजवतंय, कुणी नुसतंच टाइमपास करतंय.

शबाना आझमी आणि फारुख शेख इथलेच. सुनील गावस्कर इथलाच. झुबिन मेहता आणि विद्या बालनही इथलेच. अशी लिस्ट हातात असली की कुठल्याही संस्थेला एक मोह होतो. फोटो भिंतीवर लावायचे, ‘हेरिटेज’ म्हणून ब्रोशर छापायचं आणि त्याच नावावर पुढची पन्नास वर्षं काढायची. ब्रँड तयार आहे ना, मग झालं की!

पण हेरिटेज म्हणजे फक्त भिंत आणि भिंतीवरचे फोटो, की अजून काही? झेवियर्सची खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

दोन देशांचे फादर, एकच कॉलेज

मुंबई विद्यापीठ सुरू झालं 1857मध्ये. त्यानंतर बारा वर्षांनी, 1869मध्ये, जर्मन जेझुइट फादरांनी हे कॉलेज काढलं. जेझुइट म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक संघाचे सदस्य. इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश माणसाने 1540मध्ये हा संघ स्थापन केला. आधी सैनिक, मग संत, असा त्याचा प्रवास. त्याचा जवळचा सहकारी फ्रान्सिस झेवियर 1542मध्ये गोव्याला उतरला. कॉलेजला नाव मिळालं ते त्याचंच.

मराठी माणसाने या संघाकडे जरा आपुलकीने बघायला हरकत नाही. ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध महाकाव्य लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जेझुइटच होते. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस 1579मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि 1616मध्ये त्याचा मराठी ग्रंथ छापून बाहेर पडला. जिथे जाऊ तिथली भाषा आधी शिकायची, हा या मंडळींचा जुना फंडा.

झेवियर्सला पहिला मोठा झटका बसला पहिल्या महायुद्धात. ब्रिटिशांचं राज्य आणि कॉलेज चालवणारे फादर जर्मन! त्यांना आधी नजरकैदेत टाकलं, मग मायदेशी पाठवून दिलं. एखाद्या कंपनीची अख्खी मॅनेजमेंट एका फटक्यात गेली तर काय होईल, विचार करा. कॉलेज मात्र बंद पडलं नाही. फादर एथलबर्ट ब्लॅटर स्विस होते, त्यामुळे ते राहिले आणि पुढे प्राचार्यही झाले. जर्मनांच्या जागी मग स्पेनमधून जेझुइट येऊ लागले.

म्हणजे ‘आमची माणसंच राहिली नाहीत, आता कसं होणार?’ हा प्रश्न या कॉलेजला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो एकदा सोडवून झालाय. आज तो पुन्हा समोर आलाय, फक्त वेगळ्या रूपात. त्याबद्दल पुढे बोलूच.

वाळलेली पानं, जिवंत प्रश्न

ब्लॅटर साहेब वनस्पतींचे वेडे होते. त्यांच्या नावाचं ‘ब्लॅटर हर्बेरियम’ आजही कॅम्पसवर आहे. हर्बेरियम म्हणजे झाडांची लायब्ररी. फांदी, पान, फूल दाबून वाळवायचं, कागदावर चिकटवायचं आणि कुठे, कधी, कुणाला सापडलं ते शेजारी लिहून ठेवायचं. असे सुमारे दोन लाख नमुने इथे आहेत.

‘वाळक्या पानांचं काय करायचं?’ असं वाटलं ना? मग असं बघा. सह्याद्रीतलं एखादं झाड शंभर वर्षांपूर्वी कुठल्या डोंगरावर होतं आणि आज ते तिथे आहे का, हे कळणार कसं? जुना कागद असेल तरच! क्लायमेट चेंजवर बोलताना हा धुळीचा वाटणारा खजिना एकदम लेटेस्ट होऊन जातो. पश्चिम घाटावर काम करणाऱ्या अभ्यासकांसाठी तर तो सोन्याहून पिवळा.

याच ब्लॅटरांचा आणखी एक किस्सा. सालिम अली नावाचा एक तरुण सकाळी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत होता. त्याचं मन मात्र पक्ष्यांमध्ये. ब्लॅटरांनी ते ओळखलं आणि त्याला प्राणिशास्त्र शिकायला लावलं. सकाळी हिशेब, मग झेवियर्स, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. पुढचं सगळ्या देशाला ठाऊक आहे. करिअर कौन्सेलिंग हा शब्द तेव्हा नव्हता, पण ‘या मुलाला नेमकं काय आवडतं?’ हे विचारणारा एक मास्तर होता. त्यामुळे भारताला त्याचा ‘बर्डमॅन’ मिळाला.

ब्लॅटरांची परंपरा पुढे नेणारे फादर सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे संचालक झाले. हा स्पॅनिश माणूस भारताचा नागरिक झाला आणि 1967मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तशीच गोष्ट फादर हेन्री हेरास यांची. 1922मध्ये ते स्पेनहून मुंबईत आले. प्राचार्यांनी विचारलं, काय शिकवणार? ते म्हणाले, भारताचा इतिहास. त्याबद्दल माहिती काय आहे? काहीच नाही, पण शिकून घेईन! असा किस्सा सांगतात. त्यांनी खरोखरच शिकून घेतलं. 1926मध्ये त्यांनी इतिहास संशोधनाची संस्था काढली, ती आज हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. सिंधू लिपीचं कोडं सोडवण्यात या माणसाने वर्षानुवर्षं घालवली. ते सुटलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण 1981मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

या दोन गोष्टींतून झेवियर्सच्या हेरिटेजचा खरा अर्थ कळतो. आपल्याला जे माहीत नाही ते आधी कबूल करायचं, मग जिथे आहोत तिथलं झाड, तिथली लिपी, तिथली भाषा शिकायची. म्हणून तर या कॅथलिक कॉलेजच्या फेस्टिव्हलला 1979मध्ये नाव मिळालं ते एका पावसाळी रागाचं, ‘मल्हार’! म्हणून तर इथला इंडियन म्युझिक ग्रुप शास्त्रीय संगीताच्या रात्री रंगवतो आणि मराठी वाङ्मय मंडळाची पोरं ‘आमोद’ साजरा करतात.

व्हॅलेन्सियाचा बॉम्ब

आता थोडं अवघड वळण. हेरिटेज नेहमी गोड नसतं. कधीकधी ते टोचतंही.

31 जुलै 1973. स्पेनमधलं व्हॅलेन्सिया शहर. युरोपभरच्या जेझुइट शाळा-कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरलेला. सगळे सुटाबुटातले, यशस्वी, मोठ्या हुद्द्यांवरचे. भाषणाला उभे राहिले संघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे. हा माणूस 1945मध्ये हिरोशिमात होता. बॉम्ब पडल्यावर त्यांनी आपल्या मठाचंच हॉस्पिटल केलं होतं, कारण आधी ते मेडिकलचे विद्यार्थी होते.

सगळ्यांना वाटलं, आता कौतुक होणार. अरुपेंनी उलटाच प्रश्न टाकला. आम्ही तुम्हाला न्यायासाठी लढायला शिकवलं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं : नाही, शिकवलं नाही. आमच्या शाळांमधून इतरांसाठी जगणारी माणसं बाहेर पडायला हवीत, असं त्यांनी बजावलं. समोरची बरीच मंडळी चांगलीच भडकली. इतकी वर्षं डोनेशन दिलं आणि वर हेच ऐकायचं?

पण तेव्हापासून जगभरच्या जेझुइट संस्थांना हा प्रश्न चुकवता आलेला नाही. तुमचे विद्यार्थी यशस्वी झाले, छान! पण कुणाच्या कामाला आले?

झेवियर्समध्ये या प्रश्नाची दोन उत्तरं अगदी डोळ्यांना दिसतात. पहिलं म्हणजे ‘सोशल इन्व्हॉल्व्हमेंट प्रोग्राम’. डिग्रीच्या मुलांना 60 तास समाजात जाऊन काम करायचं. ऐच्छिक नाही, सक्तीचं. तुम्ही इकॉनॉमिक्सचे टॉपर असा की मल्हारचे स्टार, तास भरल्याशिवाय सुटका नाही.

दुसरं उत्तर आणखी ठोस आहे. 2003मध्ये कॅम्पसवर अंध आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी रिसोर्स सेंटर सुरू झालं. त्याची धुरा होती समाजशास्त्र शिकवणारे प्रा. सॅम तारापोरवाला यांच्याकडे, जे स्वतः दृष्टिबाधित आहेत. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ब्रेल, स्कॅन केलेली पुस्तकं, हे सगळं तर आलंच. पण काम तिथे थांबलं नाही. अंध माणसाला चेकबुक आणि एटीएम कार्ड द्यायला बँका कुरकुर करायच्या. त्याविरुद्ध पाठपुरावा करणाऱ्यांत हे सेंटर होतं. जून 2008मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दृष्टिबाधितांना या सुविधा नाकारता येणार नाहीत. 2012मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि पुस्तकं त्यांना वाचता येतील अशा स्वरूपात करून देणं सोपं झालं. त्या मोहिमेतही हे सेंटर होतंच.

म्हणजे बघा, कॉलेजच्या एका खोलीतून सुरू झालेलं काम देशभरातल्या बँकांच्या काउंटरपर्यंत गेलं. अशी गोष्ट ब्रोशरमध्ये फोटोजेनिक दिसत नाही. पण हेरिटेज पुढे न्यायचं म्हणजे हेच!

अर्थात, 60 तासांचं ‘टिक-मार्क’ व्हायला किती वेळ लागतो? फोटो काढला, सही घेतली, सुटलो! आपल्या ऑफिसातल्या सीएसआर डेचं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. झाड लावायचं, टी-शर्ट घालायचा, ग्रुप फोटो काढायचा. झाडाला दुसऱ्या दिवशी पाणी कोण घालतं, देव जाणे! सक्तीने संवेदना येते का, हा वाद कॉलेजात आहे आणि तो असायलाच हवा. इग्नेशियसच्या शिक्षणपद्धतीत त्यावर एक तोडगा सांगितलाय. अनुभव घेतला की लगेच पुढे पळायचं नाही. थांबायचं, विचार करायचा आणि मग कृती. तास कमी-जास्त करणं सोपं आहे. तो थांबण्याचा भाग टिकवणं कठीण.

स्वातंत्र्य मिळालं, आता बिल कोण भरणार?

2010मध्ये झेवियर्सने ऑटोनॉमी घेतली. मुंबईत हे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या कॉलेजांपैकी हे एक. स्वतःचा सिलॅबस, स्वतःची परीक्षा. विद्यापीठाचे रिझल्ट उशिरा लागले की ज्यांची नोकरी किंवा फॉरेन अॅडमिशन लटकायची, त्यांना याची किंमत बरोबर कळेल. त्यानंतर आलं 2020चं राष्ट्रीय शिक्षण धोरण. चार वर्षांची ऑनर्स डिग्री, मधेच बाहेर पडण्याची सोय, एका शाखेच्या मुलाला दुसऱ्या शाखेचा विषय. संधी मोठी आहे.

पण इथेच खरी मेख आहे. जुने बी.ए., बी.एस्सी. अनुदानित, म्हणजे प्राध्यापकांचा पगार सरकारकडून. नवे ग्लॅमरस कोर्सेस मात्र बहुतेक विनाअनुदानित, म्हणजे खर्च फीमधून काढायचा. कॉलेज जितकं नवं होणार, तितकी फी वाढण्याची भीती. आणि सुरुवातीच्या जेझुइट शाळांमध्ये तर फी घेण्याची पद्धतच नव्हती! श्रीमंत दात्यांच्या देणगीवर त्या चालायच्या, म्हणून गरिबाचं पोर आणि सरदाराचं पोर एका बाकावर बसायचं.

मग आजच्या झेवियर्समध्ये बाकावर कोण बसतं? अल्पसंख्याक संस्था असल्याने ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. 1992च्या सेंट स्टीफन्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ही मर्यादा आखून दिली. उरलेल्या जागांसाठी जी झुंबड उडते, त्यावर ‘एलिट कॉलेज, साउथ बॉम्बेचं कॉलेज’ हा शिक्का बसलाय. तो अगदीच खोटाही नाही. पण त्याच कोट्यातून वसईहून लोकलमध्ये उभं राहून येणारी, घरी मराठी बोलणारी कॅथलिक मुलंही येऊ शकतात. ‘ख्रिश्चन म्हणजे इंग्लिशच’ असा समज असणाऱ्यांनी एकदा वसईत चक्कर मारावी!

म्हणून झेवियर्सच्या भविष्याचा खरा कस स्मार्ट क्लासरूममध्ये लागणार नाही. एआय लॅब उभारता येते, पैसे असले की झालं. कस लागेल तो स्कॉलरशिपमध्ये. पुढच्या दहा वर्षांत एखाद्या पालिका शाळेतून आलेल्या मुलीला या चौकात आपलं वाटेल का? इंग्रजी अडखळलं तर तिला कोपऱ्यात बसावं लागेल, की कुणी ब्लॅटर तिला शोधून काढेल? परंपरेचा हिशेब मांडायचा तर तो असा मांडायला हवा.

झगा नसलेले वारस

आता तो मघाचा प्रश्न. 1965च्या सुमारास जगात जेझुइट होते जवळपास 36 हजार. आज ते 15 हजारांच्याही आत आले आहेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी युद्धाने जे केलं, ते आता आकडेच करतायत. कॉलेज चालवायला फादर उरलेच नाहीत तर कॉलेज ‘जेझुइट’ राहील का?

झेवियर्सने याचं उत्तर द्यायला सुरुवात केलीय. 2015मध्ये अॅग्नेलो मेनेझिस प्राचार्य झाले. धर्मगुरू नसलेले ते पहिलेच प्राचार्य. त्यांच्यानंतर आले राजेंद्र शिंदे, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि ब्लॅटर हर्बेरियम सांभाळणारे. जरा विचार करा. स्विस फादरने सुरू केलेली झाडांची लायब्ररी एका मराठी शास्त्रज्ञाने जपली आणि पुढे अख्खं कॉलेजच त्याच्या हाती आलं. याहून चांगला वारसा-हक्क कुठला?

यात धोका नाही असं नाही. फादर कॅम्पसवरच राहायचा. रात्री दहालाही त्याचं दार ठोठावता यायचं. नोकरी करणाऱ्या प्राध्यापकाला घर आहे, लोकल आहे, ईएमआय आहे. त्याच्याकडून तेवढ्या वेळाची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. त्यामुळे जे पूर्वी एका माणसाच्या स्वभावावर चालायचं, ते आता व्यवस्थेत बसवावं लागणार. मेंटॉरिंग, कौन्सेलिंग, नव्या शिक्षकांना या परंपरेची ओळख करून देणं, ही सगळी कामं आता प्लॅनिंगच्या यादीत वर यायला हवीत, इमारतीच्या रंगरंगोटीच्याही वर.

दिशा मात्र ठरलेली आहे. फेब्रुवारी 2019मध्ये जेझुइटांनी 2029पर्यंतच्या दहा वर्षांसाठी चार प्राधान्यं जाहीर केली. अंतर्मुख होऊन देवाचा मार्ग शोधायला मदत करणं, वंचितांच्या बरोबरीने चालणं, तरुणांना आशेचं भविष्य घडवायला साथ देणं आणि पृथ्वीची काळजी घेणं. जगभरच्या त्यांच्या संस्थांसाठी ही एकच यादी. झेवियर्सच्या कॅम्पसवर नजर टाका. रिसोर्स सेंटर आहे, 60 तास आहेत, हर्बेरियम आहे. नव्या यादीतल्या बऱ्याच गोष्टींची बी इथे आधीच पेरलेली आहे. आता त्यांना पाणी घालायचं काम!

आणि आपलं काय?

इग्नेशियसने आपल्या माणसांना एक सवय लावली होती. रोज थोडा वेळ थांबायचं आणि दिवसाची उजळणी करायची. काय चांगलं झालं, कुठे घसरलो, उद्या काय बदलायचं? आपल्या वर्षाअखेरच्या अप्रेझलसारखंच, फक्त यात बॉस नाही आणि इन्क्रिमेंटही नाही! देवावर विश्वास असो वा नसो, रात्री मोबाइल बाजूला ठेवून पाच मिनिटं करून बघायला हरकत नाही.

दीडशे वर्षं जुनं कॉलेज पुढचं प्लॅनिंग करताना साधारण हेच करतंय. काय ठेवायचं, काय सोडायचं आणि कुणाला आत घ्यायचं, ते तपासतंय. उत्तरं सगळी बरोबर येतीलच असं नाही. पण अरुपेंनी 1973मध्ये विचारलेला प्रश्न जोवर त्या चौकात कुणाला तरी टोचत राहील, तोवर त्या दगडी कमानींना अर्थ आहे.

तुमचं कॉलेज कुठलंही असो, रुईया, फर्ग्युसन की रूपारेल, पुढच्या रीयुनियनला फोटो काढून झाले की हा प्रश्न एकदा कट्ट्यावर टाकून बघा. आपण यशस्वी झालो, मस्त! पण कुणाच्या कामाला आलो?

झटपट झेवियर्स

1540 : इग्नेशियस लोयोला यांनी येशूसंघ स्थापन केला
1542 : फ्रान्सिस झेवियर गोव्यात
1616 : फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध
1869 : मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजची स्थापना
1926 : हेरास यांची इतिहास संशोधन संस्था
1979 : पहिला ‘मल्हार’
2003 : दृष्टिबाधितांसाठी रिसोर्स सेंटर
2010 : ऑटोनॉमी
2015 : धर्मगुरू नसलेले पहिले प्राचार्य